एप्रिलमधलं जहाज

फाल्डिंगवर्थ, इंग्लंड
१२ ऑगस्ट १९४५

प्रिय लुदका,

हे पत्र हातात पडलं की आधी खाली बस. मी जिवंत आहे. बसलीस? आता आईलाही बसव आणि सांग.

सहा वर्षांचं एका पत्रात कसं लिहू? एकोणचाळीसच्या सप्टेंबरात आमची तुकडी रुमानियात शिरली. तिथून फ्रान्स, फ्रान्स पडल्यावर इंग्लंड. इंग्रजांनी आम्हाला आधी इंग्रजी शिकवलं, मग त्यांच्या पद्धतीचा सॅल्यूट शिकवला, आणि शेवटी विमान. विमान आम्हाला आधीपासूनच येत होतं, पण ऐकतंय कोण! मी पोलिश बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये गनर झालो. विमानाच्या शेपटीत, काचेच्या घुमटीत बसायचं, मशीनगन धरायची आणि आलो त्या दिशेकडे बघत जर्मनीला जायचं. तेवीस वेळा गेलो. बेचाळीसमध्ये एक छोटा अपघात झाला, हाताला थोडं भाजलं. तेव्हापासून जमिनीवरच आहे, गोळ्यांचे पट्टे भरतो. काळजीचं काही नाही.

युद्ध संपल्याच्या दिवशी इथले लोक रस्त्यात नाचले. आम्ही बराकीत बसून होतो. आमच्यातल्या निम्म्यांची गावं आता रशियात गेलीत. क्रोस्नो आपल्याकडेच राहिलंय ना? मी नकाशावर तीनदा बोट ठेवून बघितलं.

आई कशी आहे? बाबा? लवकर लिही. लहान अक्षरात, गच्च भरून लिही.

तुझा,
सेवेक


क्रोस्नो
४ नोव्हेंबर १९४५

प्रिय सेवेक,

बसले नाही. उभ्याउभ्याच वाचलं आणि तशीच शाळेतून घरी पळाले. तिसरीचा वर्ग मुख्याध्यापकांच्या अंगावर टाकून.

आधी वाईट ते सांगते. बाबा गेले. त्रेचाळीसच्या मार्चमध्ये जर्मनांनी काचकारखान्यातून आठ माणसं नेली, त्यात ते होते. परत कोणी आलं नाही. मी आईला सहा महिने सांगत राहिले की मजुरीवर नेलंय, पाठवतील. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला बरं वाटावं म्हणून ती ऐकून घेत होती.

घराची एक भिंत गेली, ती आम्ही दोघींनी विटा रचून उभी केलीय. वाकडी आहे. आईचे पाय सुजतात, पण तोंड ठणठणीत आहे. आता ती सांगते ते लिहिते: "त्याला म्हणावं, हाताला भाजलं म्हणजे कुठल्या हाताला? औषध काय लावलं? तिकडे भाजल्यावर लावायला कांदा मिळतो की नाही? आणि एवढी सहा वर्षं काय कागद मिळत नव्हता?" मी तिला म्हटलं, आई, युद्ध होतं. "युद्ध मलाही होतं," म्हणते.

तिला तुझा आत्ताचा फोटो हवाय. गणवेशातला, हसणारा. आणि तू कधी येतोस ते कळव.

लुदका


फाल्डिंगवर्थ
१५ जून १९४६

प्रिय लुदका,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. रागावू नकोस. बाबांचं वाचल्यावर लिहायला बसवेना. फोटो काढतो. इथला फोटोवाला आजारी आहे.

गेल्या शनिवारी लंडनला विजयाची परेड झाली. तुझ्या कानावर आलं असेल. जगभरातल्या पलटणी चालल्या, ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती असे देशही. आम्हाला बोलावणं नव्हतं. आमच्या थोड्या वैमानिकांना तेवढं आमंत्रण दिलं, बाकीच्या फौजेला नाही. वैमानिक म्हणाले, सगळे नाही तर कोणीच नाही. मी आणि लोंगिन तरीही गेलो, साधे कपडे घालून फुटपाथवर उभं राहायला. लोंगिन म्हणजे आमच्या विमानाचा मेकॅनिक, आपल्या यास्लोचा. इंजिनाला कान लावून रोग सांगणारा माणूस. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोंगिन वर न बघताच म्हणाला, "तिसऱ्याचं डावं इंजिन गचके खातंय." शेजारची बाई म्हणाली, "तुम्ही कुठले?" पोलंडचे म्हटल्यावर म्हणाली, "अरे वा, मग आता घरी जायला मोकळे!" तिने चांगल्या मनानेच म्हटलं. ते जास्त लागलं.

चाळीस साली इथला फळवाला माझ्या खिशात सफरचंदं कोंबायचा. आता विचारतो, "अजून इथेच?" कारखान्यात पोलिश माणूस घ्यायचा नाही म्हणून कामगार सभा घेतात. सरकारने आम्हाला एक पत्रक वाटलंय, आमच्या भाषेत, की परत जाणं हेच तुमच्या भल्याचं. लोंगिन जायचं म्हणतो. त्याची बायको अपोलोनिया आणि दोन मुली तिकडे आहेत.

माझं अजून ठरत नाही.

सेवेक


क्रोस्नो
२२ सप्टेंबर १९४६

सेवेक,

फोटोवाला एवढे महिने आजारी? मेला का तो?

सरळ विचारते. तिकडे कोणी बाई आहे का? असली तर असू दे, पण सांग. आईला वाटतं, लग्न करून बसलाय आणि सांगायला घाबरतोय. ती म्हणते, "इंग्रज तर इंग्रज. घेऊन ये म्हणावं, जेवायला मी शिकवीन." आलुबुखाराचा मुरंबा करताना तिने तुझ्या नावाच्या चार बरण्या वेगळ्या काढल्यात आणि मला हात लावू देत नाही.

गेल्या आठवड्यात दोन गृहस्थ तुझी चौकशी करून गेले. फार सभ्य. तू कुठे असतोस, कधी येणार, बरोबर कोण कोण आहे असं विचारत होते. आईने त्यांना चहा दिला, तुझा शाळेतला फोटोसुद्धा दाखवला. तिला वाटतंय की सरकार तुझा सत्कार करणार.

हवा बरी आहे. शाळा बरी चालली आहे.

लुदका


स्वाडलिंकोट, इंग्लंड
५ ऑक्टोबर १९४७

लुदका,

वर्षभर मी गप्प राहिलो. तुझी पाच पत्रं आली, पाचही पाठ आहेत. आता खरं सांगतो. हे आधी एकटीने वाच.

बाई नाही. फोटोवाला कधी आजारी नव्हता.

बेचाळीसच्या सप्टेंबरात ब्रेमेनहून परत येताना आमचं एक इंजिन बंद पडलं आणि धावपट्टीच्या अलीकडे शेतातच आम्ही आदळलो. शेपटी तुटून बाजूला पडली, म्हणून मी वाचलो. पुढचा भाग पेटला होता. आत पायलट होता, फाबियान. तो मला नावाने हाक मारत होता. मी आत डोकं घातलं. त्याच्या पट्ट्याची कडी माझ्या हातात आली होती, लुदका, ती उघडेना. मग टाकी फुटली.

सोळा ऑपरेशनं झाली. मांडीची कातडी गालावर आली, पापण्या नव्या बसवल्या, नाकही नवं. डोळे वाचले. डॉक्टर भला माणूस होता, त्याने वॉर्डात आरसा ठेवूच दिला नाही. पण चमच्यात दिसतंच.

रोज बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. त्याची सवय झाली आहे. आईने तशी जागा सोडली तर मात्र काय करायचं, याची सवय होणार नाही. म्हणून येत नव्हतो.

या पत्रात फोटो आहे. आता तुम्ही दोघी ठरवा. लोंगिन पुढच्या महिन्याच्या जहाजाने निघतोय. तो म्हणतो, "तू इथे थोबाडामुळे थांबलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मुली ओळखतील का, याची त्याला माझ्यापेक्षा जास्त धास्ती आहे.

सेवेक


क्रोस्नो
२ नोव्हेंबर १९४७

माझ्या सेवेक,

फोटो मी दोन दिवस दप्तरात ठेवला. तिसऱ्या दिवशी आईने दप्तरातून काढला. ती काही शोधायला लागली की कोणाचं चालत नाही.

खिडकीजवळ जाऊन तिने तो खूप वेळ पाहिला. मग तुझ्या कपाळावरून, गालावरून असं हळूहळू बोट फिरवलं. म्हणाली, "कान बापाचे आहेत अजून." मग माझ्यावर ओरडली, की पाच वर्षं पोर एकटं भोगत होतं आणि तुम्ही शिकलेली माणसं मला कांद्याचं औषध सांगू देत होता. मग रडली. मग पीठ मळायला घेतलं.

लिही म्हणते: "माझ्या शेजारची जागा बाकावर दुसऱ्या कोणी घेतली तर मी काठी घालीन. पहिल्या जहाजाने ये."

सेवेक, ये. मीही सांगते, ये.

लुदका


स्वाडलिंकोट
८ फेब्रुवारी १९४८

लाडक्या लुदका, लाडक्या आई,

ठरलं! १९ एप्रिलचं जहाज, लीथ बंदरातून थेट ग्दान्स्कला. नाव नोंदवलं, कागद मिळाले. आईसाठी सुजलेल्या पायांना चालतील असे रुंद बूट घेतले, तुझ्यासाठी लोकर आणि शिवणाच्या सुया, कारण सुया मिळत नाहीत म्हणून तू तीनदा लिहिलं होतंस. इथल्या पोलिश शिबिरातली पोरं म्हणतात, वेडा झालास. वॉर्सा कुठे, क्रोस्नो कुठे आणि रशिया कुठे हे ते मला नकाशावर दाखवतात. मी त्यांना आईचं पत्र दाखवतो.

लोंगिन आला असेल ना भेटायला? नोव्हेंबरात गेला, त्याच्याजवळ मी कॉफी आणि आईसाठी शाल दिली होती. गाढवाने एक ओळ लिहिली नाही. घरी पोचल्यावर आम्हाला विसरला असणार. भेटला की त्याला माझ्यातर्फे एक शिवी दे.

मध्येच भीती वाटते. पण ती घरी निघालेल्या माणसाची भीती आहे, बरी वाटते.

एकोणीस एप्रिल! भिंतीवर लिहा!

सेवेक


क्रोस्नो
१४ मार्च १९४८

सेवेरिन,

तुझं आठ फेब्रुवारीचं पत्र मिळालं. येऊ नकोस.

नोव्हेंबरमध्ये मी जे लिहिलं ते दयेने लिहिलं होतं. खरं असं आहे की आईने तुझा फोटो एकदा पाहिला आणि पालथा घातला. म्हणाली, याला मी जन्म दिलेला नाही. त्यानंतर तिने तुझं नाव काढलेलं नाही आणि मीही काढत नाही. तिचं वय झालंय. तो चेहरा रोज समोर बघणं तिला झेपणार नाही.

आणि चेहऱ्याचं सोड. बाबांना नेलं तेव्हा तू कुठे होतास? आम्ही बटाट्याच्या साली उकडून खात होतो तेव्हा तू पांढरा पाव खात होतास. तिकडच्यांसाठी लढलास, आता तिकडचेच तुला ठेवून घेऊ देत. त्यांना नको झालास म्हणून आमची आठवण झाली का?

माझं लग्न ठरलं आहे. होणारे यजमान कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते आहेत. परदेशी फौजेतला भाऊ घरात असणं त्यांना चालणार नाही. मला एकदा तरी माझा संसार करू दे.

बूट, सुया काही नको. पत्रही पाठवू नकोस.

लुद्विका ओल्शेव्स्का


स्वाडलिंकोट
२ एप्रिल १९४८

लुद्विका,

पत्र मिळालं. यादीतून नाव काढलं.

तुझ्या लग्नाला शुभेच्छा. आईला कधीतरी सांग की मी तिला दोष देत नाही.

यापुढे त्रास देणार नाही.

सेवेरिन


क्रोस्नो
१८ नोव्हेंबर १९५६

सेवेक,

साडेआठ वर्षांनी लिहिते आहे. गेल्या महिन्यात इथलं सरकार बदललं, आता खरं लिहिता येतं. हे फाडून टाकण्याआधी एकदा वाच. एकदाच.

तुझा पत्ता लोंगिनने मिळवून दिला, लंडनच्या जुन्या स्क्वाड्रनवाल्यांकडून. तो गेल्या मे महिन्यात तुरुंगातून सुटला. होय, तुरुंगातून. जहाजातून उतरल्यावर त्याला सहा आठवडे घरी राहू दिलं. जानेवारीत एका सकाळी कामाला निघाला तो यास्लोच्या स्टेशनवरच उचलला. इंग्रजांचा हेर म्हणून दहा वर्षांची शिक्षा. आमच्याकडे यायचं त्याचं राहूनच गेलं होतं, तुझी कॉफी आणि शाल त्यांनी पुरावा म्हणून नेली.

हे मला मार्च अठ्ठेचाळीसमध्ये कळलं. तुझं एकोणीस एप्रिलच्या जहाजाचं पत्र येऊन चारच दिवस झाले होते. त्याची बायको अपोलोनिया बाजारच्या दिवशी अंड्यांची टोपली घेऊन शाळेच्या फाटकापाशी आली. अंडी मोजून देता देता म्हणाली, "बाई, त्याला तुमच्या भावाबद्दल विचारतायत. नावानिशी. कुठल्या जहाजाने येतोय तेसुद्धा त्यांना माहीत आहे." मी विचारलं, कसं? ती म्हणाली, "तुम्हीच कोणाला तरी पत्रात लिहिलं असेल, नाहीतर त्याने तुम्हाला." बारा अंडी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि गेली.

ते दोन सभ्य गृहस्थ आठवतात? ते दर महिन्याला येत होते. मी तुला कळवलं नाही. शेवटी शेवटी तुझी पत्रं माझ्याआधी त्यांनी वाचलेली असायची, आणि ते ती गोष्ट लपवतही नसत. एकदा म्हणाले, "भाऊ सुया आणतोय म्हणे. चांगला भाऊ आहे." मी पाठवलेलं प्रत्येक पत्रही फोडलं जात होतं. "येऊ नकोस, धोका आहे" असं लिहिलं असतं तर पत्र पोचलं नसतं, तू आला असतास, आणि आई व मी दोघी आत गेलो असतो. आडून सुचवावं तर तुला ते कळलं नसतं. तुला कधीच कळत नाही. लहानपणी मी टेबलाखालून लाथ मारायचे तर तू मोठ्याने विचारायचास, लाथ का मारतेस?

मग मी विचार केला, माझ्या भावाला काय अडवेल? भीती नाही अडवणार. तो पेटत्या विमानात डोकं घालणारा माणूस. एकच गोष्ट अडवेल. ती तू मला विश्वासाने सांगितली होतीस.

प्रत्येक वाक्य कुठे लागेल हे बघून लिहिलं. चार वेळा लिहून काढलं, कारण आधीच्या तिन्हींत माझी माया कुठेतरी दिसत होती. ते गृहस्थ पुढच्या महिन्यात आले तेव्हा एक जण मला म्हणाला, "फारच कडक लिहिलंत, शिक्षिकाबाई." म्हणजे जमलं होतं.

त्यातला एकही शब्द खरा नव्हता. लग्न ठरलं नव्हतं, अजूनही झालेलं नाही. आईने तुझा फोटो कधी पालथा घातला नाही. तो तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असायचा आणि चर्चमध्ये ती तो शेजारच्या बायकांना दाखवायची, "हा माझा सेवेक, माणूस वाचवायला गेला होता."

आणि आता जे मला सांगायलाच हवं ते. मी आईला त्या पत्राबद्दल कधी सांगितलं नाही. तिला सांगितलं की जहाज रद्द झालं. मग, पुढचंही. मग तुझे कागद अडकलेत. ती दर रविवारी विचारायची आणि मी दर रविवारी नवं काहीतरी सांगायचे. पन्नासच्या फेब्रुवारीत ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं बंद केलं. बाबांच्या वेळेसारखं तिला सगळं माहीत होतं आणि माझ्यासाठी ती ऐकून घेत होती, की खरंच विश्वास ठेवून गेली, हे मला कळलेलं नाही. मी रोज त्याचा विचार करते.

लोंगिनचे पुढचे दात नाहीत. तो मला म्हणाला, "बाजूच्या कोठडीचं दार वाजलं की वाटायचं, आता सेवेरिनला आणला. आठ वर्षं वाट बघितली. तो आला नाही, ही एकच गोष्ट चांगली झाली."

मी क्षमा मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन. पण तू खरं काय ते ऐकावंस, एवढंच.

लुदका


नॉटिंगहॅम
६ जानेवारी १९५७

लुदका,

तुझं पत्र सहा आठवडे घरात आहे. पहिला आठवडा मी कामावरून घरी यायचो, वाचायचो आणि न जेवता झोपायचो. बायको घाबरली. तिला वाटलं, मी मरतो की काय.

होय, बायको आहे. डोरीन. इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात होती, म्हणून माझ्यासारखे चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते. मी विटांच्या भट्टीवर काम करतो. नोकरी देताना मुकादम म्हणाला, "तुला आगीची सवय असेलच." इथे विनोद असेच असतात. आताशा मीही हसतो.

अठ्ठेचाळीसच्या त्या पत्रावर मी लगेच विश्वास ठेवला. तेच मला आता खुपतंय. एका मिनिटासाठीसुद्धा वाटलं नाही की माझी बहीण असं लिहिणार नाही. तू लिहिलेलं सगळं मी स्वतःला आधीच म्हणून झालो होतो, फक्त तुझ्या अक्षरात वाचलं. लीथला जहाज सुटताना मी धक्क्यावर गेलो होतो. बूट समुद्रात टाकायचे म्हणून नेले होते. टाकवले नाहीत, रांगेतल्या एका म्हाताऱ्याला दिले. तो त्याच्या बायकोसाठी घेऊन गेला. त्याचं काय झालं असेल, हा विचार गेल्या महिन्यात पहिल्यांदा आला.

एक्कावन्नमध्ये मला मुलगी झाली. मी तिचं नाव एमिली ठेवलं. आईचं नाव. आईने मला पालथं घातलंय असं समजत असताना ठेवलं. डोरीनने विचारलं, हे नाव कुठून आणलंस? म्हटलं, असंच, आवडलं. मुलीला सांगून ठेवलं होतं की पोलंडमध्ये माझं कोणी उरलेलं नाही. परवा तिला समोर बसवून म्हटलं, तुला एक आत्या आहे. तिने विचारलं, "मग इतके दिवस कुठे होती?"

तू माझा जीव वाचवलास, हे मला समजतं. आणि आईचं मरण माझ्यापासून काढून घेतलंस, हेही समजतं. दोन्ही एकदम मनात धरायचं कसं ते अजून जमत नाही. खोटं लिहिणार नाही. आपल्यात ते पुष्कळ झालं.

मी तिकडे येणार नाही. अजून भीती वाटते, आणि आता भिण्यासारखं माझ्याकडे बरंच काही आहे. तुला पासपोर्ट देतात का बघ.

सेवेरिन


क्रोस्नो
२८ एप्रिल १९५७

सेवेक,

पासपोर्ट मिळाला. चार वेळा कार्यालयात बोलावलं. शेवटच्या वेळी टेबलामागच्या माणसाने विचारलं, "भावाला कधी पाहिलं होतं?" म्हटलं, साडेसतरा वर्षांपूर्वी. "आणि तो तुम्हाला बोलावतोय?" मी म्हटलं, तसं त्याने लिहिलेलं नाही. पासपोर्ट देतात का बघ, एवढंच लिहिलंय. त्याने कागदावरून मान वर काढून माझ्याकडे बघितलं. मग शिक्का मारला.

एकवीस मेला दुपारी लंडनला पोचते. गाडीची वेळ सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे. माझे केस पिकलेत आणि मी जाड झालेय, तेव्हा तुझ्याच चेहऱ्याची काळजी करत बसू नकोस. प्रवासात जेवण जाणार नाही हे आत्ताच माहीत आहे. वॉर्सापासून लंडनपर्यंत मी एकच विचार करत येणार आहे, की तू स्टेशनवर असशील की नाही.

तू काही ठरवलं नसलंस तरी चालेल. मला क्षमा केली का, ते पत्रात लिहू नकोस. आपल्या पत्रांवर माझा विश्वास उरलेला नाही.

एमिलीला घेऊन ये. आत्या इतके दिवस कुठे होती, ते मी तिला स्वतः सांगेन. आईच्या शेवटच्या आठवड्याचं तुलाही सांगायचं आहे. प्रत्येक दिवसाचं, जसं घडलं तसं. ते कागदावर लिहिता येत नाही.

लुदका